सूर्य दिसेल अशी जागा

जालन्यातल्या मस्तगडच्या ज्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं, त्या गल्लीत गिरधारीशेठांच्या मुलानं, नमननं, ती गाडी आणून उभी केली. गाडी कसली, घरच ते! आत पलंग, ओटा, दोन शेगड्यांचा गॅस, नळ आणि कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. कॅरव्हॅन म्हणतात म्हणे. पुण्याहून दोन दिवसांसाठी भाड्यानं आणलेली. गल्लीतल्या बाया दारात आल्या, पोरं चाकांभोवती जमली, आणि समोरच्या तातेराव पानवाल्यानं विचारलंच, "काय गिरधारीशेठ, घर विकलं का काय?"

गिरधारीशेठ दुकानाच्या शटरला तिसऱ्यांदा कुलूप ओढून बघत होते. खाली भांड्यांचं दुकान, वर घर, आणि शेठचा जीव कायम खालच्या मजल्यावर. असला माणूस दोन दिवस दुकान बंद ठेवून डोंगरात जायला तयार झाला तो सुनेमुळं. रूपल घरात येऊन वर्ष झालं होतं, पण पोरगी मोठी खटपटी. तिनं सासऱ्यांना सरळ सांगितलं, "पप्पा, तुम्ही नाही आलात तर मम्मी येणार नाहीत. आणि मम्मी आल्या नाहीत तर मी पण पुण्याला परत जाणार नाही. इथंच राहीन आणि रोज दुकानात येऊन बसेन." शेठ घाबरले आणि हो म्हणाले.

शेठच्या बायकोचं, संतोषबाईंचं, मात्र नवल झालं. ज्या बाईनं सख्ख्या भाच्याच्या लग्नात घराला कुलूप कोण लावणार म्हणून मुक्काम केला नाही, ती बाई रूपलचं वाक्य पुरं व्हायच्या आत "चला" म्हणाली. रूपल एवढंच म्हणाली होती, "संध्याकाळी मोकळ्यावर बसून जेवू."

आता त्यातली खरी गोष्ट सांगतो. संतोषबाईंचा चौविहार. म्हणजे दिवस मावळला की अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून हा नियम, आणि एक दिवस चुकवलेला नाही. शेठना हा नियम झेपत नव्हता. दुकान बंद करून ते रात्री वर यायचे आणि गरम फुलके खायचे. म्हणून संतोषबाई संध्याकाळी एकट्याच जेवायच्या. एकटीसाठी ताट मांडून कोण बसतं? ओट्याशी उभं राहायचं, एका हातात वाटी धरायची आणि खिडकीतून शेजारच्यांच्या भिंतीकडं बघायचं. भिंतीवरचं ऊन वर वर सरकत जायचं. ते पाण्याच्या टाकीला टेकलं की शेवटचा घास. टाकीवरून उडालं की तोंड धुवायचं आणि शेठच्या जेवणाच्या तयारीला लागायचं. सूर्य काही त्या खिडकीतून दिसत नसे, दिसायचं ते त्याचं भिंतीवर उरलेलं ऊन.

आणि बाईंच्या मनात केव्हातरी येऊन बसलं होतं की ज्याच्या धाकात आपण एवढी वर्षं जेवलो, त्याच्यासमोर एकदा ताट घेऊन बसायचं. निवांत. तो जाईपर्यंत. बस, एवढंच. पण हे सांगणार कुणाला? सांगितलं तर म्हणतील, म्हातारपणी हिला हे काय सुचायलंय. म्हणून त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि आजही सांगणार नव्हत्या. आज ते आपोआपच जमणार होतं, नाही का?

गाडी भोकरदनच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती, ज्वारी कमरेच्या वर गेली होती. रूपलनं मोबाइलवर मुक्कामाच्या जागा हेरून ठेवल्या होत्या, आणि एकेक फोटो ती सासूला दाखवत होती. इथं पाणी आहे, इथं लाइट आहे, इथं झोका आहे. संतोषबाईंचा प्रश्न दर वेळी एकच.

"तिथून आभाळ दिसतं का गं?"

"मम्मी, आभाळ सगळीकडूनच दिसतं!" रूपल हसून लोटपोट झाली.

"आमच्या स्वयंपाकघरातून नाही दिसत," संतोषबाई म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या.

पहिली जागा धरणाकाठची. पाणी छान, काठावर गवत छान, पण आत शिरताच दोन भलेमोठे स्पीकर आणि हुरडा पार्टीला आलेली पन्नास माणसं. एका झाडाखाली एक जण कोंबडा सोलत बसला होता. गिरधारीशेठ पायरीवरून एक पाय खाली टाकून होते, तो त्यांनी तसाच वर घेतला. "चला," म्हणाले.

पिंपळगाव रेणुकाईला चहा झाला, देवीला रस्त्यावरूनच हात जोडले, आणि पुढं टेकड्या सुरू झाल्या. दुसरी जागा त्या टेकड्यांच्या खोऱ्यात होती. आणि खरं सांगायचं तर जागा झकास होती! झुळझुळता ओढा, आंब्या-चिंचेची सावली, स्वच्छ न्हाणीघरं, गाडीला लावायला लाइटचा पॉइंट. सुग्रीव नावाचा तिथला मॅनेजर लगबगीनं पुढं आला.

"या शेठ, या. कांदा-लसूण न्हाई, बटाटा न्हाई, सगळं वेगळं बनवून देतो. जैन पार्टी आपल्याकडं नेहमीच असते."

"आम्ही आमचं करू," संतोषबाई म्हणाल्या. "मावळत कुणीकडं येते इथं?"

"ही काय," सुग्रीवनं मागच्या डोंगराकडं हात केला. डोंगर अगदी जवळ होता, उभा, झाडीनं भरलेला. संतोषबाईंनी वर पाहिलं. डोंगरामागं सूर्य मावळणार, चांगलं दिसेल, असं त्यांना वाटलं. चूक म्हणा, पण ही चूक मस्तगडच्या बाईचीच. जिनं जन्मभर सूर्य दुसऱ्याच्या भिंतीवर पाहिला, तिला काय ठाऊक की डोंगराला कॅलेंडरातली सूर्यास्ताची वेळ वाचता येत नाही?

गाडी लावली. छत्री उघडली, टेबल मांडलं, खुर्च्या मांडल्या. संतोषबाईंची खुर्ची त्यांनी स्वतःच डोंगराकडं तोंड करून ठेवली. आत रूपलनं बेसनाच्या गट्ट्यांची कढी चढवली आणि सासूला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. "आज तुम्ही बसायचं," ती म्हणाली. संतोषबाई बसल्या. बसायची सवय नव्हती, त्यामुळं दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसावं तशा बसल्या. पण आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या.

आणि कढीला पहिली उकळी फुटते न फुटते तोच सूर्य गेला.

मावळला नाही हो, गेला! डोंगराच्या कडेला टेकला आणि झाडीत शिरला, बस. ओढ्यावरून सावली आली, टेबलावर चढली, संतोषबाईंच्या पायांवर आली. थंडी वाजायला लागली. झाडावरचे पक्षी कलकल करायला लागले. संतोषबाई खुर्चीत तशाच बसून होत्या, आणि त्यांचा चेहरा असा पडला की नमन धावत आला.

"मम्मी, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"काही नाही. गेला तो."

"अगं, मावळला नाहीये अजून!" नमननं मोबाइल काढला. "हे बघ, सूर्यास्ताला अजून किती वेळ आहे. तो फक्त डोंगराआड गेलाय. तुझा नियम मोडत नाही, तू आरामात जेव."

"बराबर आहे," शेठ म्हणाले. "पंचांगातली वेळ धरायची. डोंगराचं काय, डोंगर तर मध्ये येणारच. रूपल, ताट वाढ हिचं."

इथं संतोषबाई गप्प बसल्या असत्या. आजवर बसल्याच होत्या. पण ती मांडून ठेवलेली खुर्ची, आणि समोर तो काळा डोंगर! त्या उठून उभ्या राहिल्या.

"नियमाची काळजी मला नका सांगू. नियम मी पाळलाय, तुम्ही नाही. मला तो दिसायला पाहिजे."

"कोण?" शेठनी विचारलं.

"सूर्य! दुसरं कोण? तुमच्या घरात आले तेव्हापासून त्याच्या तालावर जेवतेय, आणि अजून त्याचं तोंड नाही पाहिलं जेवताना. ओट्याशी उभी राहून, शेजाऱ्याच्या भिंतीवरचं ऊन बघत बघत घास गिळते मी. रोज. एक दिवस मला त्याच्यासमोर बसून जेवायचंय. एवढ्यासाठी आले मी इथं. आभाळ बघायला नाही आणि ओढा बघायला पण नाही. वेड लागलंय म्हणायचं असेल तर म्हणा!"

बोलून झालं आणि संतोषबाई स्वतःच दचकल्या. एवढ्या मोठ्यानं आपण कधी बोललो होतो, हे त्यांना आठवेना. रूपल हातात झारा घेऊन गाडीच्या दारात उभी होती. सुग्रीव बिचारा म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं चांदणं एक नंबर दिसतं," पण त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"मला कधी बोलली नाहीस," शेठ हळूच म्हणाले.

"तुम्ही वर येता रात्री. त्या वेळी कुठला सूर्य दाखवू तुम्हाला?"

संतोषबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि तोंड फिरवलं. आणि फिरवलं म्हणून तर दिसलं! ओढ्याच्या पलीकडं, उगवतीच्या बाजूला, मागच्या डोंगरापेक्षा उंच असा एक माळ होता, आणि त्याच्या माथ्यावर लख्ख पिवळं ऊन पडलं होतं. त्या उन्हात पांढरे ठिपके सरकत होते, मेंढरं असावीत. भिंतीवर ऊन कुठवर आहे हे बघण्यात बाईंचा हात कोण धरणार?

"तिथं आहे तो," त्या बोट दाखवून म्हणाल्या. "तिथं चला."

"रस्ता आहे का वर जायला?" नमननं सुग्रीवला विचारलं.

"हाय, पण बैलगाडीचा हाय. वर धुळाजी धनगराचं बिऱ्हाड हाय फक्त. तिथं ना लाइट, ना न्हाणीघर..."

"न्हाणीघर आमच्या गाडीत आहे," गिरधारीशेठ एकदम म्हणाले. "नमन, आवर. जल्दी!"

मग जी धावपळ झाली ती काय विचारता. छत्री मिटली, खुर्च्या आत फेकल्या. गॅस बंद करायला लागला, पण कढीचं काय? पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं आणि रस्ता बैलगाडीचा. रूपलच्या एका हातात कणकेची परात, दुसऱ्या हातात झालेल्या फुलक्यांचा डबा. नमन गाडी चालवणार. उरलं कोण? रूपलनं पातेल्यावर झाकण दाबलं, टॉवेल गुंडाळला आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून दिलं. जन्मभर भांडी विकलेल्या माणसाच्या हातात भरलेलं भांडं पहिल्यांदा आलं होतं.

"धरून ठेवा पप्पा. सांडली तर मम्मी कशाशी खाणार?"

गाडी निघाली. पहिल्या चढालाच कढीनं शेठच्या पांढऱ्या शुभ्र पायजम्यावर हळदीचा ठिपका दिला. "हळू!" शेठ ओरडले. "वर बघ, ऊन चाललंय!" संतोषबाई ओरडल्या. "हळू जाऊ का जल्दी जाऊ?" नमन ओरडला. "जल्दी, पण हळू!" शेठ म्हणाले. गाडीतली कपाटं उघडत होती, चमचे नाचत होते, संडासाचं दार आपटत होतं, आणि रूपल परात पोटाशी धरून एवढी हसत होती की तिला उचकी लागली. संतोषबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांचं सगळं ध्यान खिडकीबाहेर होतं. सावली त्यांच्या मागोमाग चढ चढत होती.

माथा हाताशी आला, समोर ऊन दिसलं, आणि गाडी थांबली. रस्ताभर मेंढरं! पुढून, बाजूनं, चाकांखालून बघत, बें बें करत, शेकडो मेंढरं. त्यांच्यामागं खांद्यावर घोंगडी आणि डोक्याला लाल मुंडासं असलेला एक म्हातारा काठी टेकत सावकाश येत होता. हाच धुळाजी.

"बाबा, जरा बाजूला घ्या ना!" नमननं डोकं बाहेर काढलं.

"घेऊन राह्यलो की," धुळाजी म्हणाला. "पर त्यांना बी कळाया पायजे ना. दिवसभर चरून आल्यात, आता काय पळत्यात व्हय? तुमी कुठं चाल्ले एवढं घर घेऊन?"

"वरती. सूर्य मावळायच्या आत!"

"मंग गाडीत कशाला बसले? हे काय, ढेंगभर ऱ्हायलंय. चालत जा."

संतोषबाईंनी ते ऐकलं मात्र, दार उघडलं आणि उतरल्या. हातात रिकामं ताट. मेंढरांच्या गर्दीत शिरल्या आणि लोकरीतून वाट काढत चालायला लागल्या. ही बाई मस्तगडमध्ये कधी रस्त्यावर झपझप पावलं उचलत चालल्याचं कुणी बघितलं नव्हतं. मागं शेठनी एकवार नमनकडं बघितलं, एकवार कढीकडं, आणि पातेलं छातीशी धरून तेही उतरले.

"संतोष! थांब, कढी!"

"तो थांबत नाही, मी कशी थांबू?" त्या मागं न बघता म्हणाल्या.

एक मेंढी शेठच्या दोन पायांमधून गेली. एक मेंढा पातेल्याचा वास घ्यायला उंच झाला. शेठ "हट, हट" म्हणत, गोल फिरत, कढी डोक्याच्या वर धरून पुढं सरकले. मस्तगडच्या एका माणसानं हे बघितलं असतं तरी शेठना वर्षभर दुकानात बसणं मुश्कील झालं असतं.

माथ्यावर पोचल्या आणि संतोषबाई थबकल्या. समोर काही नव्हतंच. खाली खोरं, त्यात सावलीत बुडालेला तो ओढा, पलीकडं डोंगर, डोंगरामागं शेतं, आणि त्या सगळ्याच्या वर सूर्य, लाल, गोल, अजून चांगला दोन हात वर. बिऱ्हाडापाशी धुळाजीची बायको साखराबाई चुलीशी बसली होती. तिनं एकदा या बाईच्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या ताटाकडं बघितलं, आणि काही न विचारता घोंगडी आणून अंथरली.

"बसा बाई. जेवायचंय ना? आमी बी आत्ताच जेवतो, दिवस हाय तवर. अंधारात घासात काय येतंय ते दिसत न्हाई."

संतोषबाई बसल्या. सूर्याकडं तोंड करून, मांडी घालून, ताट पुढ्यात घेऊन. तोवर शेठ पोचले, रूपल फुलक्यांचा डबा घेऊन धापा टाकत आली, आणि मेंढरं पांगल्यावर नमननं गाडीही वर आणली. शेठनी झाकण काढलं. अर्धं पातेलं वाटेत गेलं होतं, पण गट्टे शाबूत होते. त्यांनी वाटी भरली, फुलक्याला तूप लावलं आणि वाढलं. आणि मग सवयीनं बाजूला उभे राहिले, काही लागलं तर द्यायला. उभं राहून त्यांच्या लक्षात आलं की रोज रात्री ही अशीच उभी असते.

"तुम्ही पण बसा ना," संतोषबाई म्हणाल्या.

"मला कुठं या वेळी भूक..." शेठ म्हणाले, आणि थांबले. मग पायजम्यावरचा हळदीचा डाग झटकल्यासारखा करून तिच्या शेजारी बसले. तिच्याच ताटात हात घातला. लग्न झाल्यापासून संध्याकाळचं जेवण त्या दोघांनी एकत्र घेतलं ते हे पहिलं. रूपलनं नमनचा हात दाबला आणि दोघं मेंढरं बघायच्या निमित्तानं लांब गेले.

संतोषबाई पहिले दोन-तीन घास भरभर जेवल्या. हाताला सवय तीच होती. मग त्यांनी वर बघितलं. सूर्य होता तिथंच होता. अजून एक घास खाल्ला आणि बघितलं, तो किंचित खाली आला होता. घास चावला, परत बघितलं. आणि त्या खळखळून हसायला लागल्या.

"काय झालं?" शेठनी घाबरून विचारलं.

"अहो, हा तर किती सावकाश जातोय! ह्याला काही घाई नाही. मीच आपली जन्मभर पळतेय!"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात थांबला नाही. त्या जेवल्या, पोटभर, चवीनं, गट्टा मागून घेऊन. मावळतीला सूर्याची कड टेकली तेव्हा त्या पाणी प्याल्या, मग त्यांनी तोंड धुतलं आणि हात जोडले. तो पूर्ण बुडेपर्यंत दोघं बघत राहिले.

"रोज असाच जातो का हा?" मग शेठनी विचारलं.

"मला काय माहीत? आपल्याकडं टाकीपर्यंतच दिसतो."

"गच्चीवरून दिसत असेल की."

"गच्चीवर तुमच्या दुकानाची खोकी आहेत. आणि ताट घेऊन एकटीच जाऊन बसू का तिथं?"

साखराबाई तिकडून गाडीला प्रदक्षिणा घालून आली होती. "आमचं बिऱ्हाड घोड्यावर, तुमचं चाकावर," ती संतोषबाईंना म्हणाली. "पर तुमच्यात संडास बी हाय, ते लई भारी काम हाय." मुक्काम अर्थातच तिथंच पडला. खोऱ्यातल्या चांदण्याबद्दल सुग्रीव खरं बोलला होता, ते माळावरूनही एक नंबर दिसलं.

जालन्याला परतल्यावर नमन-रूपल गाडी घेऊन पुण्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी संतोषबाईंना डोक्यावर धडाधड आवाज ऐकू आले. काय झालं म्हणून बघतात, तर दुकानातला माणूस गच्चीवरची खोकी खाली उतरवत होता. संध्याकाळी त्या रोजच्यासारख्या ओट्याशी उभ्या होत्या. भिंतीवरचं ऊन टाकीच्या जरा खालपर्यंत चढलं होतं, वाटी हातात होती. तेवढ्यात खाली शटर धाडकन पडल्याचा आवाज आला. समोरून तातेराव ओरडला, "शेठ, आज एवढ्या लवकर? तब्येत बराबर हाय ना?"

जिन्यावर पावलं वाजली, आणि धापा टाकत गिरधारीशेठ स्वयंपाकघरात आले. त्यांनी ओट्यावरचं कढीचं पातेलं टॉवेलात धरलं आणि उचललं.

"अगं, उभी काय राहिलीस?" ते गच्चीच्या जिन्याकडं वळत ओरडले. "ताट घे आणि चल लवकर. तो थांबणार नाही!"